एका पुऱ्यातले पाच सिद्धार्थ

नांदगाव खंडेश्वरच्या एका तरुण मित्राने आपल्या कादंबरीचं हस्तलिखित वाचायला दिलं. तीन पिढ्या, एक बौद्धपुरा आणि पात्रं तब्बल 62! एका जाणकार गृहस्थाने त्याला आधीच सांगितलं होतं, "एवढी गर्दी वाचकाच्या ध्यानात राहत नाही. वीसवर आण." पोरगा मला विचारत होता, "दादा, आता कोणाकोणाले काढू?"

माझं उत्तर सरळ आहे. कोणालाच काढू नको, पण प्रत्येकाला ओळख दे.

अनेक ग्रामीण कादंबऱ्यांत पाटील, कुलकर्णी, वाणी यांना नाव-गाव-स्वभाव असतो. आपली वस्ती मात्र एका वाक्यात उरकते: 'महारवाड्यातली माणसं जमली.' आता आपलाच लेखक पात्रसंख्या आवरायची म्हणून पुन्हा आपल्याच माणसांची गर्दी करणार असेल, तर लिहायचं कशासाठी?

मित्रांनो, नाव ही आपल्यासाठी साधी गोष्ट नाही. शूद्राचं नाव तिरस्कार दाखवणारं असावं, हा मनुस्मृतीचा नियम. ती मनुस्मृती 25 डिसेंबर 1927 रोजी महाडला जाळली गेली. आपल्या पणज्या-आज्यांची नावं आठवा: धोंडा, कचरू, उकंडा. 1956 च्या धम्मदीक्षेनंतर घराघरात सिद्धार्थ, राहुल, मिलिंद, सुजाता आले. तीन पिढ्यांची कादंबरी लिहिणाऱ्याला ही केवढी सोय आहे! नुसत्या नावावरून वाचकाला पिढी कळते.

पण खरं सांगतो, चाळिसाव्या पानावर माझाही गोंधळ उडाला. राहुल कोणता आणि मिलिंद कोणता? दोष संख्येचा नव्हता. सगळे एकाच सुरात, जयंतीच्या स्टेजवरून बोलल्यासारखे बोलत होते. यावरचा उपाय आपल्या पुऱ्यातच आहे. एका पुऱ्यात पाच सिद्धार्थ असले तरी कोणी चुकत नाही. मास्तरचा सिद्धार्थ, एसटीतला सिद्धार्थ, बँडवाला सिद्धार्थ, सोयाबीनच्या मळणीवर जाणारा सिद्धार्थ आणि पुण्याहून परत आलेला सिद्धार्थ. नातं, काम आणि एखादी खोड, एवढ्यावर माणूस ओळखू येतो. लेखकाने तेच करावं.

दुसरं, सगळ्यांना पहिल्याच प्रकरणात ओळीने उभं करू नये. अण्णाभाऊ साठेंची 1959 ची 'फकिरा' पुन्हा वाचा. जोगिणीच्या प्रसंगातून गाव आपोआप समोर येतं. राणोजी त्यात जीव गमावतो, आणि त्या मरणाने फकिराची पुढची वाट ठरते. घटना माणसांना बांधून ठेवते. म्हणून बासष्ट जणांना ओळीने आणण्याऐवजी विहिरीचं भांडण, लग्न, मयत, मोर्चा असे चार-पाच प्रसंग घ्या आणि प्रत्येक प्रसंगाने थोडी थोडी माणसं आणा.

तिसरं, आपल्या हस्तलिखितात सगळ्या पुढाऱ्यांना नावं आहेत, आणि मोर्चात चालणाऱ्या, रात्री भाकरी थापणाऱ्या मात्र नुसत्या 'बाया'. हे चालणार नाही. आपल्याला गर्दी केल्याची तक्रार आपण करतो, मग आपल्या मायबहिणींची गर्दी करायचा हक्क आपल्याला कोणी दिला?

चौथं, सवर्ण पात्रंही एकाच साच्यातून काढू नका. महाडला मनुस्मृती दहनाचा ठराव सहस्रबुद्धेंनी मांडला होता, 'फकिरा'तही विष्णुपंत कुलकर्णी आहे. शत्रू जातिव्यवस्था आहे. ती माणसामाणसातून वेगवेगळी कशी वागते, ते दाखवा. त्याने लढा बोथट होत नाही, उलट वाचकाला पटतो.

नोव्हेंबर 1927 मध्ये अमरावतीला अंबादेवी मंदिरप्रवेशाच्या प्रश्नावर बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली परिषद भरली. इतिहासात पुढाऱ्यांची नावं येतात. खेड्यापाड्यांतून भाकर बांधून निघालेल्यांची राहून जातात. ती लिहायला कादंबरीइतकी मोकळी जागा दुसरी नाही.

तेव्हा मित्रा, वही घे, बासष्ट नावं लिही. प्रत्येकापुढे त्याचं काम, त्याचं नातं आणि त्याला काय हवं आहे, ते एका ओळीत लिही. ज्याच्यापुढे ओळ सुचत नाही, त्याच्या घरी जाऊन बस. मग पुन्हा लिहायला घे.

जय भीम!