दिघीत सर्व्हर येण्याआधी नियम येणार काय?

श्रीवर्धन तालुक्यातील दिघी आता दिल्लीच्या नकाशावर ठळक झाले आहे. २८ ऑगस्ट २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने देशात १२ औद्योगिक शहरे मंजूर केली, त्यात दिघी बंदर औद्योगिक क्षेत्र आहे. सुमारे सहा हजार एकर जमीन, ५,४६९ कोटींचा खर्च. मोबदल्याची आणि नोकऱ्यांची चर्चा होते, ती व्हायलाच हवी. पण या 'स्मार्ट' शहरात कामगाराच्या बोटाचा ठसा, आधार क्रमांक, बँक खाते, योजनेसाठी दिलेला जातीचा दाखला कोणाच्या संगणकात जाऊन बसणार आणि त्याची किल्ली कोणाकडे राहणार, हे कोणी विचारत नाही.

सुरक्षेचा धडा दिघीला नवा नाही. मुंबई बॉम्बस्फोटांच्या खटल्यात पुढे गाजलेली तस्करीची खेप जानेवारी १९९३ मध्ये याच दिघीच्या जेट्टीवर उतरली. फेब्रुवारीत जवळच्या शेखाडीला आरडीएक्स उतरले. तेव्हा कायदा नव्हता काय? सीमाशुल्क कायदा होता, नाके होते. गोंडघर फाट्यावर पोलिसांनी ट्रक अडवलेसुद्धा, आणि लाचेचा सौदा करून सोडून दिले! टाडा न्यायालयात हे सिद्ध होऊन संबंधितांना शिक्षा झाल्या. पुढे २००८ चा मुंबई हल्ला झाला आणि त्यानंतर किनाऱ्यावरील मच्छीमारांसाठी बायोमेट्रिक ओळखपत्रे आली. फितूर झाले वर्दीतले, आणि बोटांचे ठसे मात्र कोळ्यांनी द्यायचे!

क्लाऊडची गोष्ट यापेक्षा वेगळी नाही. क्लाऊड म्हणजे दुसऱ्याच्या इमारतीत भाड्याने घेतलेले संगणक. महाराष्ट्र सरकारने जानेवारी २०१८ मध्ये सार्वजनिक क्लाऊडचे धोरण जाहीर केले आणि सरकारी खात्यांची माहिती खासगी कंपन्यांच्या क्लाऊडवर नेण्याचा मार्ग मोकळा झाला. अशी यंत्रणा आज आज्ञावली लिहून उभी करतात. ती चालवण्यापूर्वीच तपासता येते. माहितीचे कोठार जगाला उघडे राहते काय? माहिती सांकेतिक रूपात आहे काय? किल्ली किती जणांकडे? नियम मोडला असेल तर ती यंत्रणा उभीच राहत नाही. भिंत बांधून पाडण्यापेक्षा नकाशातला चुकीचा दरवाजा खोडणे स्वस्त पडते, इतकी ही साधी गोष्ट आहे.

पण तेवढ्याने भागत नाही. यंत्रणा सुरू झाल्यावर अडलेले काम उरकण्यासाठी कोणी तरी रात्री एक दरवाजा उघडतो आणि लावायचे विसरतो. मंजूर नकाशात तो बंदच दिसत असतो! म्हणून मंजूर नकाशा आणि प्रत्यक्ष यंत्रणा यांची रात्रंदिवस पडताळणी लागते. जानेवारी २०१९ मध्ये स्टेट बँकेच्या मोबाईल संदेश सेवेचा, मुंबईतील डेटा सेंटरमधला सर्व्हर पासवर्डशिवाय उघडा असल्याचे टेकक्रंच या संकेतस्थळाने प्रसिद्ध केले. त्यावर खातेदारांचे फोन क्रमांक आणि शिलकीचे तपशील होते. देशातील सर्वात मोठ्या बँकेची ही कथा, तर दिघीतल्या कंत्राटदाराच्या हजेरीपुस्तकाचे काय?

कागदावरचा नियम म्हणजे काय, हे आपल्या समाजाला रायगड जिल्ह्यानेच शिकवले आहे. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई विधिमंडळाने सी. के. बोले यांचा ठराव मंजूर करून सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले केले. जानेवारी १९२४ मध्ये महाड नगरपालिकेनेही तसा ठराव केला. नियम आधीच होता! तरी २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांना हजारोंसह चवदार तळ्यावर जावे लागले, मार खावा लागला आणि उच्च न्यायालयाचा निकाल मिळायला १७ मार्च १९३७ उजाडले.

आजचे सरकार तर नियमही मागाहूनच आणते. २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या आदिवासी गावातून आधारची सुरुवात झाली. त्याचा कायदा आला २०१६ साली. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ चा, नियम नोव्हेंबर २०२५ चे, आणि माहिती सांभाळण्याच्या मुख्य जबाबदाऱ्यांना त्यापुढे अठरा महिन्यांची मुदत! मात्र याच कायद्याने माहितीच्या अधिकाराला लावलेली कात्री ताबडतोब लागू झाली. घाई कशाची आहे ते यावरून ओळखावे. शिवाय सुरक्षा व सुव्यवस्थेच्या कारणावरून केंद्र सरकार आपल्या यंत्रणांना अधिसूचना काढून या कायद्यातून मोकळे करू शकते.

आणखी एक गोष्ट चळवळीच्याही नजरेतून निसटली. २०१९ च्या विधेयकात 'जात किंवा जमात' ही संवेदनशील माहिती म्हणून स्वतंत्र नोंदलेली होती. २०२३ च्या कायद्यात तो वर्गच गाळला. २०२७ च्या जनगणनेत जात डिजिटल पद्धतीने नोंदली जाणार असताना! जातनिहाय मोजणी आपलीच मागणी आहे आणि ती योग्यच आहे. पण जातीच्या नोंदीवरून घर नाकारणारा घरमालक आणि नोकरी नाकारणारा मालक या देशात आहेत, हे ज्यांनी भोगले त्यांना सांगावे लागत नाही.

बाबासाहेबांच्या संविधानाचे कलम १३ पाहा. पहिला खंड संविधानापूर्वीच्या कायद्यांना मूलभूत हक्कांच्या कसोटीला लावतो, दुसरा खंड पुढे होणाऱ्या कायद्यांना अटकाव करतो. शिवाय दाद मागायला कलम ३२ आहे. आधीचे, नंतरचे आणि दाद मागण्याचे दार, तिन्हींची सोय तिथे आहे. औद्योगिक शहराच्या निविदेत ती का नसावी?

म्हणून श्रीवर्धन, म्हसळा, माणगाव, रोहा भागातील कार्यकर्त्यांनी प्रत्येक ग्रामसभेत व सुनावणीत लेखी मागणी द्यावी. यंत्रणा उभी करण्यापूर्वीच्या तपासणीचे नियम निविदेतच घालावेत. जातीची व बायोमेट्रिक माहिती वेगळ्या कुलपात ठेवावी. नंतरची तपासणी कंत्राटदाराशी संबंध नसलेल्या संस्थेकडून व्हावी आणि तिचा अहवाल मराठीत ग्रामपंचायतीत लावावा. माहिती फुटली तर ज्याची फुटली त्याला कळवावे. एमआयडीसीकडे निविदांच्या अटींसाठी माहिती अधिकाराचे अर्ज आताच टाकावेत. निविदेच्या अटी ही कोणा व्यक्तीची खासगी माहिती नाही, तेव्हा बदललेल्या कलम ८(१)(ञ) ची ढाल पुढे केली तर पहिले अपील लगेच दाखल करावे.