कपाटात आपणच आपण



गेल्या हिवाळ्यात आमच्या गावच्या सार्वजनिक ग्रंथालयाकडून निरोप आला. मुलांच्या विभागात भारतीय कुटुंबांविषयीची पुस्तके वाढवायची आहेत, तुम्ही मराठी मंडळी एखादी यादी देता का? आम्हाला अर्थातच आनंद झाला. एका शनिवारी चहा-पोह्यांबरोबर वीस मिनिटांत यादी तयार! ग्रंथपालबाईंनी आभार मानले आणि सहज विचारले, "तुमच्या रविवारच्या मराठी शाळेतही पुस्तकांचं कपाट आहे ना? त्यात इतर समाजांची कोणती पुस्तकं आहेत? आमच्याकडच्या जादा प्रती देता येतील, म्हणून विचारते."

मला उत्तर देता आले नाही. पुढच्या रविवारी मुद्दाम कपाट उघडून पाहिले. शिवाजी महाराज, गणपती, पंचतंत्र, अकबर-बिरबल, श्यामची आई, फास्टर फेणे. सगळी आपल्या प्रेमाची पुस्तके. पण कृष्णवर्णीय मुलाची गोष्ट एकही नाही. इथल्या मूळ रहिवाशांची नाही, चिनी नाही, मेक्सिकन नाही. त्याहून टोचले ते वेगळेच. महाराष्ट्रातलीसुद्धा सगळी माणसे त्या कपाटात नव्हती. दलित, आदिवासी, भटक्या-विमुक्त किंवा मुसलमान घरातले मूल नायक असलेले एकही पुस्तक सापडले नाही. आणि आम्ही ग्रंथालयाला दिलेल्या यादीतही ते नव्हते.

मी व्यवसायाने संशोधक आहे. एकाच प्रकारचे नमुने तपासून साऱ्या लोकसंख्येबद्दल निष्कर्ष काढला, तर माझा शोधनिबंध कुणी छापणार नाही. मुलांच्या हाती मात्र आपण नेमके असेच नमुने देतो आणि त्यांनी जग समजून घ्यावे अशी अपेक्षा करतो.

अमेरिकेत हा प्रश्न नवा नाही. १९६५ साली नॅन्सी लॅरिक यांनी मागच्या तीन वर्षांत निघालेली पाच हजारांहून अधिक बालपुस्तके तपासली. जेमतेम ६.७ टक्के पुस्तकांत एखादी तरी कृष्णवर्णीय व्यक्ती दिसत होती. त्याच वर्षी इथला नवा इमिग्रेशन कायदा झाला, ज्याच्या जोरावर आपल्यापैकी बहुतेकांची कुटुंबे या देशात आली. तो कायदा नागरी हक्क चळवळीने तयार केलेल्या वातावरणात झाला. ज्यांनी त्या चळवळीत मार खाल्ला, त्यांच्या नातवंडांच्या गोष्टी आपल्या मुलांनी वाचल्या नाहीत तर तो निव्वळ कृतघ्नपणा आहे.

१९९० साली प्राध्यापिका रुडीन सिम्स बिशप यांनी पुस्तकांना आरशाची आणि खिडकीची उपमा दिली. आरशात मूल स्वतःला पाहते, खिडकीतून दुसऱ्याला. त्या लेखातला एक मुद्दा फारसा सांगितला जात नाही. ज्या मुलांना पुस्तकांत सतत आपलेच चेहरे दिसतात, त्यांना स्वतःच्या महत्त्वाची अवास्तव कल्पना येते, असा इशारा त्यांनी दिला होता. तो गोऱ्या मुलांसंदर्भात होता. आमच्या शाळेचे कपाट पाहिल्यावर मला तो आपल्यालाही लागू वाटतो. इथल्या ग्रंथालयात आपण आरसा मागतो, तो आपला हक्कच आहे. पण स्वतःच्या घरात खिडकी बसवायचे राहून जाते.

हे मी पालकसभेत बोलले तेव्हा एका पालकांनी विचारले, "आपल्या पोरांना जात म्हणजे काय तेही ठाऊक नाही. आपण होऊन कशाला शिकवायची?" प्रश्न प्रामाणिक होता. पण मुलांना खरेच ठाऊक नसते का? आडनावांवरच्या गप्पा ती ऐकतात. लग्नाची बोलणी ऐकतात. "आपल्यातलेच आहेत" हे वाक्य ऐकतात. मीही ते ऐकतच वाढले आणि बोललेही आहे. जात मुलांपर्यंत पोहोचतेच. पोहोचत नाही ती तिचे चटके सोसलेल्यांची बाजू. ती पुस्तकातून पोहोचू शकते.

तेव्हा कुठून सुरुवात करावी? मला आवडलेली काही पुस्तके सुचवते.

अगदी लहानांसाठी एझ्रा जॅक कीट्स यांचे 'द स्नोई डे' (१९६२). बर्फात खेळणारा पीटर कृष्णवर्णीय आहे, आणि पुस्तक त्याचा गाजावाजा करत नाही. महाश्वेता देवींचे 'द व्हाय-व्हाय गर्ल' हे शबर जमातीतल्या, सतत 'का?' विचारणाऱ्या मोयनाचे आहे. प्रश्न विचारणाऱ्या मुलांचे आपल्याला कौतुक असतेच!

नऊ-दहा वर्षांपुढच्यांसाठी लुईझ अर्ड्रिक यांचे 'द बर्चबार्क हाउस' (१९९९). १८४७ मधल्या ओजिब्वे मुलीच्या नजरेतून अमेरिका वेगळीच दिसते. वीरा हिरानंदानी यांच्या 'द नाइट डायरी'त (२०१८) हिंदू वडील आणि मुसलमान आई असलेली निशा फाळणीच्या दिवसांत हयात नसलेल्या आईला पत्रे लिहिते. पद्मा वेंकटरामन समुद्रशास्त्रातली डॉक्टरेट घेऊन लेखनाकडे वळल्या. त्यांचे 'द ब्रिज होम' (२०१९) हे चेन्नईत पुलावर राहणाऱ्या मुलांचे पुस्तक आहे.

थोड्या मोठ्या मुलांना दोन पुस्तके जोडीने द्या. मिल्ड्रेड टेलर यांच्या 'रोल ऑफ थंडर, हिअर माय क्राय'मध्ये (१९७६) शाळेच्या पहिल्याच दिवशी एका छोट्या कृष्णवर्णीय मुलाला मळके पुस्तक मिळते. गोऱ्या मुलांनी वर्षानुवर्षे वापरून ते पार खराब झाल्यावर त्याच्या शाळेत आले, अशी नोंदच आत असते. तो ते पुस्तक भिरकावून देतो. त्याबरोबर 'भीमायन' (२०११) द्या. दुर्गाबाई आणि सुभाष व्याम या परधान गोंड चित्रकारांनी बाबासाहेबांचे अनुभव त्यात रेखाटले आहेत. मिसिसिपीतली ती शाळा आणि वर्गात पोत्यावर वेगळा बसवलेला भीमराव, यांतले साम्य मुलांना समजावून सांगावे लागत नाही.

आणि आपण मोठ्यांनी? उर्मिला पवार यांचे 'आयदान' (२००३) माया पंडित यांच्या अनुवादामुळे इंग्रजीतही आहे. दया पवार यांचे 'बलुतं' (१९७८) जेरी पिंटो यांनी इंग्रजीत आणले आहे. मुलांना मराठी वाचता येत नाही ही आपली नेहमीची तक्रार. मग कॉलेजात गेलेल्या मुलाने किंवा मुलीने इंग्रजी प्रत वाचावी, आपण मराठी वाचावी आणि सुट्टीत घरी आल्यावर बोलावे. आमच्या घरी 'आयदान'वर बोलताना मुलीने मला विचारले, "तुझ्या शाळेत अशा मुली होत्या का?" होत्या. त्यांच्या घरी मी कधी गेले नव्हते, हेही मला तिला सांगावे लागले.

सध्या इथल्या शाळांतून पुस्तके हटवण्याचे पेव फुटले आहे. पेन अमेरिका या संस्थेने २०२३-२४ या एका शालेय वर्षात अशी दहा हजारांहून अधिक प्रकरणे नोंदवली. वंश आणि लैंगिकता या विषयांवरची पुस्तके त्यांत मोठ्या प्रमाणावर होती. आपण निषेधाच्या पत्रांवर सह्या करतो, करायलाच हव्यात. पण आपल्या कपाटातून काही हटवण्याची कुणाला गरजच पडली नसती, कारण आपण ती पुस्तके ठेवलीच नव्हती.

१८७३ साली जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' हे पुस्तक, गुलामांच्या मुक्ततेसाठी झटलेल्या अमेरिकेतल्या सज्जनांना अर्पण केले. ते कधी या देशात आले नव्हते. तरी इतक्या दूरच्या माणसांचे दुःख आणि आपल्या शूद्रातिशूद्रांचे दुःख यांतले नाते त्यांनी ओळखले. आपण तर त्या माणसांच्या शेजारी राहतो.

ग्रंथपालबाईंकडून दोन खोकी भरून पुस्तके आणली आहेत. 'श्यामची आई' आणि फास्टर फेणे आपापल्या जागी आहेतच, वरचा कप्पा फक्त मोकळा केला. ग्रंथालयाला दिलेली यादीही दुरुस्त करून पाठवली. या वेळी तिला वीस मिनिटांऐवजी तीन आठवडे लागले. या उन्हाळ्याच्या सुट्टीपूर्वी तुम्हीही घरातले कपाट एकदा उघडून पाहा. कोण कोण नाही ते लिहून काढा, आणि त्यातले एक पुस्तक या महिन्यात घरी आणा.