चळवळीच्या वाचनालयांना हक्काची जागा मिळावी : मुंबईकरांना जाहीर आवाहन

परिवर्तनवादी साहित्य, म्हणजे समाजातील विषमतेच्या मुळालाच हात घालणारी पुस्तके, पुस्तिका, पत्रके आणि अनियतकालिके, जेथे वाचावयास मिळतात आणि त्याच छपराखाली वस्तीतील भाडेकरू, घरकामगार, सफाई कामगार व विद्यार्थी आपल्या प्रश्नांवर बैठका घेऊ शकतात, अशा केंद्रांना मुंबईत हक्काची जागा मिळवून देण्यासाठी नागरिकांनी पुढे यावे, असे आवाहन करण्यात येत आहे. असे केंद्र सार्वजनिक ग्रंथालयाहून आणि संघटनेच्या कार्यालयाहूनही वेगळे असते. ग्रंथालयात शांतता पाळावी लागते, कार्यालयात सभासदत्वाची पावती विचारली जाते, तर येथे वाचलेल्या मजकुरावर मोठ्याने वाद घालणे हा वाचनाचाच भाग असतो.

महाराष्ट्रात ही रीत जुनी आहे. जोतीराव फुले यांनी १८८३ मध्ये 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला, तेव्हा 'दीनबंधु' पत्राने पहिली दोन प्रकरणे छापून पुढे हात आखडता घेतला. पण फुल्यांनी हा मजकूर हस्तलिखितातूनच मुंबई-पुण्यात, तसेच जुन्नर, ओतूर, हडपसर अशा ठिकाणी लोकांना वाचून दाखवला होता, त्यामुळे संपूर्ण ग्रंथ छापील रूपात येण्याच्या कितीतरी आधी त्याला श्रोते लाभले. लाहोरच्या जात-पात तोडक मंडळाने १९३६ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नियोजित अध्यक्षीय भाषण रद्द केले, तेव्हा त्यांनी ते स्वखर्चाने छापले आणि त्याच्या १,५०० प्रती दोन महिन्यांत संपल्या. गिरणगावात १९२८ च्या सहा महिन्यांच्या संपातून गिरणी कामगार युनियन उभी राहिली. पुढच्याच वर्षी तिच्या पुढाऱ्यांना मीरत कटाच्या खटल्यात गोवताना सरकारने जप्त केलेली पुस्तके आणि पत्रके पुरावा म्हणून मांडली, यावरून चळवळीच्या कपाटांचे मोल सरकारला काही सभासदांपेक्षा अधिक नेमके उमगले होते, असे म्हणण्यास हरकत नाही. १९७२ मध्ये दलित पँथर ही संघटना स्थापन झाली, तेव्हाही वडाळ्याच्या सिद्धार्थ विहार वसतिगृहातील खोल्यांमध्ये कवितेची चर्चा आणि मोर्च्याची आखणी शेजारी शेजारीच चालत असे.

आज खरी अडचण पुस्तकांची नसून जागेची आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या, त्यांच्या जमिनींवर टॉवर उभे राहिले आणि चाळींचा पुनर्विकास, म्हणजे जुनी इमारत पाडून विकासकाकरवी नवी बांधून घेण्याचा व्यवहार, सुरू झाला. या व्यवहारात ज्याच्या नावे भाडेपावती असते त्याला घर मिळते. पण तळमजल्यावरची मंडळाची खोली, जी सर्वांची असते आणि म्हणून कागदावर कोणाचीच नसते, तिचा हक्क सिद्ध करणे कठीण जाते. मालकी स्पष्ट नसेल तर नावलौकिकही वाचवत नाही, हे २५ जून २०१६ च्या पहाटे दादरचे आंबेडकर भवन पाडले गेले तेव्हा दिसून आले. ज्या वास्तूत बाबासाहेबांच्या वृत्तपत्रांशी जोडलेला बुद्धभूषण छापखाना होता, तीदेखील विश्वस्तांच्या आणि इतरांच्या वादात टिकू शकली नाही. उलट लंडनच्या व्हाइटचॅपल भागातील 'फ्रीडम' हे अराजकवादी, म्हणजे राज्यसंस्थेशिवाय परस्परसहकार्याने समाज चालावा असे मानणाऱ्या मंडळींचे, पुस्तकालय २०१३ मध्ये आगीचा हल्ला होऊनही पुन्हा उघडले, कारण इमारत चळवळीच्याच ताब्यात होती आणि सफाईला वाचक धावून आले होते.

म्हणून ज्या चाळींचे किंवा गृहनिर्माण संस्थांचे पुनर्विकासाचे करार अद्याप व्हायचे आहेत, तेथील रहिवाशांनी वाचनालयाच्या खोलीचा उल्लेख क्षेत्रफळासह करारातच करून घ्यावा. करारावर सह्या झाल्यानंतर दिलेल्या तोंडी आश्वासनांचा उपयोग होत नाही. खोली चालवणाऱ्या मंडळाने संस्था नोंदणी अधिनियम १८६० व सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० यांखाली नोंदणी करून घ्यावी. जुन्या कार्यकर्त्यांच्या घरी पडून असलेल्या पुस्तिका, संपाची पत्रके, सभांची इतिवृत्ते ही रद्दीत जाऊ देऊ नयेत. विशेषतः एकाच बाजूने छापलेल्या हँडबिलाची किंमत घरच्यांना वाटत नाही, परंतु त्या दिवशी नेमकी मागणी काय होती हे पुष्कळदा केवळ त्यावरूनच कळते.

अशा साहित्याने पोलिसांचा ससेमिरा लागेल, ही भीती अनेकांना वाटते आणि ती अगदीच निराधार नाही. तरीही भाषणस्वातंत्र्य, शस्त्रांविना शांततेने एकत्र जमणे आणि संघटना स्थापन करणे हे राज्यघटनेच्या अनुच्छेद १९ (१) ने नागरिकांना दिलेले हक्क आहेत, आणि एखादे पुस्तक सरकारजमा करण्यासाठी राज्य शासनाला कारणे नमूद करून अधिसूचना काढावी लागते, जिला उच्च न्यायालयात आव्हान देता येते. केंद्राने आपल्या पुस्तकांची यादी दारावर लावावी. लपवालपवीनेच संशय वाढतो.

सरकारी अनुदान घ्यावे की नाही, हा ज्या त्या मंडळाचा प्रश्न आहे, मात्र अनुदान आटले तरी खोलीचे वीजबिल भरता यावे इतकी मासिक वर्गणी वस्तीतूनच जमली पाहिजे. जमाखर्च दरमहा फळ्यावर लिहावा, किल्ली किमान तिघांकडे असावी आणि त्यांत एक तरी स्त्री असावी. खोली रात्री आठनंतर उघडी राहील अशी व्यवस्था करावी, कारण तिची सर्वाधिक गरज ज्यांना आहे, ते त्याआधी कामावरून परतत नाहीत.