युद्धकाळातील शाळा

युद्ध सुरू झाले की शाळेला कुलूप लागते, आणि त्याचे कुणाला फारसे नवल वाटत नाही. घरदार उद्ध्वस्त झाले, धान्य सरले, माणसे देशोधडीला लागली. अशा वेळी पाढे आणि शुद्धलेखन यांची आठवण कोण ठेवणार? आधी अन्न, मग औषध, मग निवारा, आणि शांतता झाली म्हणजे सवडीने शाळा, असा क्रम जाणती माणसेही लावतात. तो वरवर समंजस दिसतो. पण दुसऱ्या महायुद्धात पोलंडच्या मुलांवर जे गुदरले ते पाहिले, म्हणजे त्यातील चूक ध्यानात येते.

सप्टेंबर १९३९ मध्ये पश्चिमेकडून जर्मनीने आणि पूर्वेकडून सोव्हिएत रशियाने पोलंड व्यापला. जर्मनांनी पोलिश मुलांच्या माध्यमिक शाळा व विद्यापीठे बंद केली. ज्या प्राथमिक शाळा उरल्या, त्यांतून पोलंडचा इतिहास आणि भूगोल वगळला. क्राकोव्ह येथील प्राचीन विद्यापीठाच्या प्राध्यापकांना त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात व्याख्यानाच्या मिषाने एकत्र बोलावले आणि कैद करून छळछावणीत धाडले. शाळा ही खरोखरच सवडीची बाब असती, तर ती बुडवण्याची एवढी घाई जेत्याने कशाला केली असती? पोलिश शिक्षकही तिचे मोल ओळखून होते. घरोघरी मूठभर मुले जमवून त्यांनी गुप्तपणे वर्ग चालवले. पकडले गेल्यास तुरुंग किंवा मरण ठरलेले. तरी तास चुकला नाही.

रशियाने व्यापलेल्या भागातील लाखो माणसांना १९४० व १९४१ साली सैबेरिया आणि कझाकस्तानात नेण्यात आले. पुढे जर्मनीने रशियावरच हल्ला केला, तेव्हा त्यांची सुटका झाली. त्यांतील पुष्कळजण १९४२ मध्ये कास्पियन समुद्र ओलांडून इराणात पोहोचले आणि काही हिंदुस्थानात आले. नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी बालाचडी येथे अनाथ मुलांना आश्रय दिला. १९४३ मध्ये कोल्हापूरजवळ, पंचगंगेच्या परिसरात, वळिवडे येथे मोठी वसाहत उभी राहिली. तिच्यात सुमारे ५,००० पोलिश माणसे राहत. त्यांत बहुतेक स्त्रिया आणि मुलेच होती.

या मुलांनी भूक पाहिली होती, थंडी पाहिली होती, कित्येकांनी आईबापांचा मृत्यूही पाहिला होता. त्यांची दोन-तीन वर्षे स्वभाषेतील शाळेविना गेली होती. वळिवड्यास त्यांच्यासाठी प्राथमिक शाळा निघाल्या, माध्यमिक शाळा निघाली, बालवीरांची पथके उभी राहिली. शिकवणारे त्यांच्यासारखेच निर्वासित. पोलिश भाषेतील क्रमिक पुस्तके कोल्हापुरात कुठून मिळणार? पोलिश लोकांनी जेरुसलेम येथे छापलेली पुस्तके अशा दूरदूरच्या शाळांच्या कामी आली. ज्यांचा देश नकाशावरून पुसला गेला होता, त्यांनी परदेशात आधी मुलांची पुस्तके छापावीत, ही साधी गोष्ट नव्हे.

अशा मुलाला शाळा काय देते? अक्षरे देतेच, पण त्याहून आधी ती दिवसाला आकार देते. घंटा वाजते, हजेरी घेतली जाते, कुणीतरी नाव घेऊन हाक मारते. काल नेमून दिलेले गणित आज तपासले जाते, आणि उद्यासाठी दुसरे दिले जाते. ज्याचा ‘उद्या’च हिरावला गेला आहे, त्या मुलाला एवढ्यानेही मोठा आधार वाटतो. हे काम भाकरीने होत नाही, औषधानेही होत नाही. म्हणून शाळा त्यांच्या पंक्तीतच बसवली पाहिजे.

१९४९ च्या जिनिव्हा कराराने हे तत्त्व मान्य केले. युद्धात पोरक्या झालेल्या किंवा कुटुंबापासून ताटातूट झालेल्या १५ वर्षांखालील मुलांचे शिक्षण चालू राहावे, आणि ते शक्यतो त्यांच्याच संस्कृतीच्या माणसांहाती असावे, असे त्यात म्हटले आहे. परंतु केवळ करारावर शाळा चालत नाही. शिक्षकाला वेळेवर वेतन लागते. दाखला जळून गेलेल्या मुलालाही वर्गात घ्यावे लागते. आणि शाळेच्या इमारतीत सैन्याचा तळ पडू देऊन चालत नाही. तो पडला, की शत्रूच्या तोफांना निमित्त मिळते.

बॉम्ब पडत असताना मुले एकत्र जमवणे हाच अविचार नव्हे काय, असे कोणी विचारील. आक्षेप रास्त आहे. मात्र तो जागेविषयीचा आहे, शाळेविषयीचा नाही. युक्रेनमधील खार्कीव्ह नगरात २०२३ च्या सप्टेंबरात भुयारी रेल्वेच्या स्थानकांत वर्ग भरू लागले, आणि पुढच्या वर्षी जमिनीखाली शाळाच बांधण्यात आली. पोलिश शिक्षकांनी स्वयंपाकघरातील मेजावर जे केले, तेच येथे जमिनीच्या पोटात झाले.

वळिवड्याची वसाहत १९४८ मध्ये मिटली. फाळणीत घर गमावलेली सिंधी कुटुंबे त्या जागी आली आणि तेथे गांधीनगर वसले. पुढे अनेक वर्षांनी, केस पिकलेली पोलिश माणसे कोल्हापुरास येऊन आपल्या बालपणीच्या खुणा शोधत फिरली.