घरचा कॉम्प्युटर गेला, बजेट पंधरा हजार: वाशिम जिल्ह्यात २०२६ मध्ये काय घ्यावं?

संक्रांतीला पुण्याहून रिसोडला घरी गेलो तर बाबांचा पहिला प्रश्न, "हे काहून चालू होत नाही रे? आता नवं घ्या लागते का?"

'हे' म्हणजे २०१३ मध्ये असेंबल केलेला आमचा डेस्कटॉप. तिसऱ्या पिढीचा आय-थ्री, ४ जीबी रॅम. मी इंजिनीअरिंगला गेलो तेव्हा घेतला होता. माझ्यानंतर तो बाबांचा झाला. निवृत्त शिक्षक असल्यामुळे आजूबाजूच्या लोकांचे अर्ज, पीकविम्याच्या तक्रारी, बँकेची पत्रं ते टाइप करून देतात. आणि सध्या तो माझ्या बहिणीचा होता, कारण तिला मराठी ३० टायपिंगची परीक्षा द्यायची आहे.

आधी निदान. आमच्याकडे व्होल्टेज वरखाली होतं, त्यामुळे एसएमपीएस म्हणजे आतला पॉवर सप्लाय उडाला असेल असं मला वाटलं. तेवढंच असतं तर सात-आठशेत काम झालं असतं. ओळखीच्या दुकानदाराने दुसरा एसएमपीएस लावून पाहिला, पंखासुद्धा हलला नाही. रॅम काढून, पुसून पुन्हा बसवली, तरी काही नाही. मदरबोर्ड गेला होता. तुमचाही कॉम्प्युटर बंद पडला असेल तर याच क्रमाने तपासा. बंद पडलेला प्रत्येक कॉम्प्युटर मेलेला नसतो.

आता मुद्द्याचं. तेरा वर्षांत डेस्कटॉप बदलायची वेळ आमच्यावर एकदाच आली, पण ती आली नेमकी वाईट वेळी. एकाच वेळी दोन गोष्टी झाल्यात.

पहिली, १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला. दुसरी, रॅम महागली. दुसरी गोष्ट बाबांना समजावताना मला घाम फुटला, कारण रिसोडमधल्या रॅमचा भाव अमेरिकेतल्या एआय डेटा सेंटरवर ठरतो हे ऐकायला गंमतच वाटते. पण खरं आहे. जगातली बहुतेक रॅम सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीनच कंपन्या बनवतात. एआयच्या चिपना एचबीएम नावाची खास मेमरी लागते. तेवढ्याच जीबीची एचबीएम बनवायला साध्या रॅमच्या सुमारे तिप्पट सिलिकॉन खर्च होतं, आणि नफा मात्र तिथेच जास्त. मग कंपन्या कारखाने तिकडे वळवणारच. मायक्रॉनने ३ डिसेंबर २०२५ ला जाहीर केलं की दुकानात ग्राहकांना विकला जाणारा त्यांचा 'क्रुशल' ब्रँड ते बंद करतायत. ज्या ८ जीबी डीडीआर-४ स्टिकला मी गेल्या उन्हाळ्यात एका मित्रासाठी पावणेदोन हजार मोजले, तिचा भाव मला या वेळी चार हजारांच्या वर सांगितला गेला. एसएसडीही त्याच वाटेवर आहे.

आणि सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटीचे दर बदलले तेव्हा एसी आणि मोठे टीव्ही २८ वरून १८ टक्क्यांवर आले. कॉम्प्युटर आधीही १८ वर होता, नंतरही १८ वरच. म्हणजे तिथूनही दिलासा नाही.

बहिणीचं म्हणणं, "फोन आहे ना, कशाला पाहिजे?" तुमच्यातल्या बऱ्याच जणांचंही हेच असेल. अर्धं बरोबर आहे. ई-केवायसी, तिकीट, प्रवेशाचा फॉर्म, हे फोनवर होतं. शे-दोनशेच्या ओटीजी केबलने फोनला कीबोर्ड-माऊस जोडला तर लांबलचक अर्जही लिहिता येतो. वाशिम हा नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांपैकी एक, आणि इथे बहुतेकांचा पहिला कॉम्प्युटर फोनच आहे, त्यात लाज कसली? पण टायपिंगची परीक्षा फोनवर देता येत नाही. एक्सेल शिकायचं असेल, कोडिंग करायचं असेल, किंवा चार पीडीएफ शेजारी ठेवून वाचायचे असतील तर सहा इंची पडद्यावर जीव मेटाकुटीला येतो. बहिणीला फोनवर सराव करायला सांगणं म्हणजे तिला परीक्षेला बसूच नको म्हणण्यासारखं होतं.

तर पर्याय काय होते?

सगळ्यात स्वस्त म्हणजे फक्त बोर्ड बदलायचा. जुन्या इंटेल प्रोसेसरला चालणारे नवे, अनोळखी नावांचे बोर्ड अजून दोन-अडीच हजारांत मिळतात. जुना प्रोसेसर, जुनी रॅम तशीच वापरायची, वर एक छोटी एसएसडी टाकायची. चार-पाच हजारांत कॉम्प्युटर उभा. पण त्यावर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही. त्याला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो, आमचा तिसऱ्या पिढीचा. मग लिनक्स टाकायचं. मी पेनड्राइव्हवर लिनक्स मिंट घेऊन गेलोच होतो. ४ जीबी रॅमवर त्याची एक्सएफसीई आवृत्ती व्यवस्थित चालते, लिबर ऑफिस सोबत येतं, मराठीसाठी इनस्क्रिप्टही आहे. मिंट २२ ला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत. पैसे शून्य.

मी स्वतः ऑफिसात दिवसभर लिनक्सच वापरतो. त्यामुळे हाच पर्याय घ्यावा असं मनातून वाटत होतं. तो दोन ठिकाणी अडला. बहिणीच्या इन्स्टिट्यूटचं सरावाचं सॉफ्टवेअर फक्त विंडोजवर चालतं. आणि बाबांच्या फाइल. त्यांची बारा वर्षांची पत्रं कृतिदेवमध्ये आहेत. मिंटमध्ये उघडली तर पानभर इंग्रजी अक्षरांचा काला. कारण कृतिदेव हा युनिकोड नाही. फाइलमध्ये खरंतर इंग्रजी अक्षरंच साठवलेली असतात, फॉन्ट त्यांना फक्त देवनागरीचा वेश चढवतो. फॉन्ट नसला की वेश उतरतो. फॉन्ट टाकून वाचता येतं, कन्व्हर्टरने युनिकोड करता येतं, पण जोडाक्षरं आणि रफार तपासत बसावं लागतं. तुमच्या घरी अशा फाइल असतील तर कॉम्प्युटर चालू असतानाच त्या युनिकोडमध्ये करून घ्या. पुढे व्हॉट्सॲपवर पाठवता येतील, शोधता येतील.

दुसरा पर्याय, नवा लॅपटॉप. पंधरा हजारांत जे मिळतं त्यात ४ जीबी रॅम बोर्डवरच चिकटवलेली असते, पुढे वाढवता येत नाही. विंडोज ११ ची किमान अट ४ जीबीच आहे, पण अटीवर चालणं आणि नीट चालणं यात फरक आहे. नको.

तिसरा पर्याय घेतला. कंपन्या चार-पाच वर्षांनी आपले डेल, एचपी, लेनोव्होचे ऑफिस डेस्कटॉप काढून टाकतात, ते साफ करून पुन्हा विकले जातात. अकोल्यात आठव्या पिढीचा आय-फाइव्ह, ८ जीबी रॅम, २५६ जीबी एसएसडी चौदा हजारांत ठरला, सहा महिन्यांच्या दुकान वॉरंटीसह. आता गंमत बघा. आजच्या भावाने नुसती रॅम आणि एसएसडी नवी घेतली असती तर यातले निम्मे पैसे तिथेच गेले असते. जुन्या मशीनमधली रॅम अजून जुन्या भावाच्या जवळपास मिळतेय. किती दिवस, ते सांगता येत नाही.

याहून महत्त्वाचं लायसन्स. कॉम्प्युटरसोबत येणारं विंडोज मदरबोर्डला बांधलेलं असतं. बोर्ड मेला की तेही गेलं. आमच्या बाबतीत तर ते मुळात कधी विकत घेतलेलंच नव्हतं, २०१३ मध्ये असेंबल करणाऱ्याने 'टाकून दिलं' होतं, हे कबूल करतो. पण या ऑफिस मशीनच्या बोर्डातच विंडोज १० प्रोची की साठवलेली असते. त्यावर विंडोज ११ प्रो टाकलं की ते आपोआप ॲक्टिव्हेट होतं, वेगळे पैसे लागत नाहीत. मी दुकानातच सेटिंग्ज उघडून ॲक्टिव्हेशन पाहिलं. त्याआधी दुसऱ्या एका दुकानात "विंडोज फ्रीमध्ये मारून देतो" म्हणाले होते. ते क्रॅक असतं. त्यात काय काय सोबत येतं ते टाकणाऱ्यालाही माहीत नसतं, आणि बाबा त्याच मशीनवर लोकांचे आधार नंबर टाइप करतात. ऑनलाइन तीन-चारशेला मिळणाऱ्या कीही बहुतेक कुठल्यातरी कंपनीच्या लॉटमधल्या असतात, आज चालतात, उद्या बंद.

एक चूक माझीही झाली. आमचा मॉनिटर जुना, व्हीजीए पिनवाला. नव्या डब्याला मागे फक्त डिस्प्लेपोर्ट. रिसोडला पोचल्यावर लक्षात आलं, मग कन्व्हर्टरसाठी दोन दिवस थांबलो. घेण्याआधी मागच्या पिनांचा फोटो फोनमध्ये ठेवा. आणि चौदा हजारांचा डबा पुन्हा त्याच प्लगला लावण्याआधी वायरमनला बोलावून अर्थिंग तपासून घेतलं. ते नव्हतंच. नंतर एक छोटा यूपीएस घेतला, तिथे बजेट मोडलं.

तुमचा कॉम्प्युटर अजून चालतोय आणि त्यावर विंडोज १० आहे, तर लगेच काही विकत घेऊ नका. मायक्रोसॉफ्टने घरगुती ग्राहकांना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा अपडेट चालू ठेवायची सोय दिली आहे. त्यासाठी ३० डॉलर भरता येतात, पण मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन करून सेटिंग्जचा बॅकअप चालू केला तर ते फुकट मिळतं. विंडोज अपडेटच्या पानावर त्याची लिंक दिसते. आवृत्ती २२एच२ असायला हवी.

जुन्या डब्यातली हार्डडिस्क काढून यूएसबी केबलने जोडली, सगळी पत्रं परत मिळाली. भंगारवाला डब्याचे दीडशे देत होता. बाबा नाही म्हणाले. पंखा तरी चांगला आहे, असं त्यांचं म्हणणं आहे.