सहलीत एक दिवस रिकामा ठेवावा

वर्गमित्रांनो आणि भित्तिपत्रक वाचायला आलेल्या पालकांनो,

सहलीला गेल्यावर एक पूर्ण दिवस काहीही न ठरवता मोकळा ठेवावा, असे माझे मत आहे. पुष्कळांना हे पटत नाही. माझ्या बाबांनाही पटत नव्हते. ते म्हणाले, "पैसे खर्चून एवढ्या दूर आलो अन् नुसतं बसून राहाचं? बसाचंच होतं तर आपली ओसरी काय वाईट होती?"

आम्ही सुट्टीत मामांकडे पनवेलला गेलो होतो. पहिल्या दिवशी रायगड पाहिला, दुसऱ्या दिवशी मुरुडचा जंजिरा. रायगडाच्या पायऱ्या हजाराच्या वर आहेत. त्यामुळे पायांचे गोळे असे दुखत होते की जंजिऱ्यात मी बसायला दगडच शोधत होते. होडीवाले काका म्हणाले, पाऊण तासात परत या. मग काय, पळत गेलो आणि पळत आलो. जंजिऱ्यात काय पाहिले असे कोणी विचारले, तर कलाल बांगडी तोफ पाहिली, एवढेच मला सांगता येते.

तिसऱ्या दिवशी आम्ही अलिबागला होतो. मामी म्हणाली, आज कुठं जायचं नाही. त्या दिवशी आई आठ वाजेपर्यंत झोपली. उजाडल्यावर झोपलेली आई मी पहिल्यांदाच पाहिली. सोयाबीनच्या सोंगणीत तर ती अंधारातच उठते. उठल्यावर तिला चहा आयता मिळाला, तर ती हसायलाच लागली.

नऊ वाजता आम्ही किनाऱ्यावर गेलो. समोर समुद्रात कुलाबा किल्ला होता. त्याच्या चारही बाजूंना पाणी! तिथे एक मासळीवाल्या मावशी बसल्या होत्या. त्यांनी विचारले, "आज द्वादशी. बाराची पाऊणपट किती?" बाबा लगेच म्हणाले, "नऊ." आजोबांनी त्यांच्याकडून पाऊणकी पाठ करून घेतली होती, ती अशी कामी आली. मावशी म्हणाल्या, "म्हणून नऊच्या सुमाराला पुरी भरती. त्यात सहा मिळवा. तीनच्या सुमाराला ओहोटी. तेव्हा किल्ल्यात चालत जा."

भरती-ओहोटी मुख्यतः चंद्रामुळे होते आणि रोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा येते. म्हणून तिथीवरून तिची साधारण वेळ काढता येते. आपल्या जिल्ह्याला समुद्र नाही आणि वर्गात फार थोड्यांनी तो पाहिला आहे, म्हणून हे मुद्दाम लिहिले. पाऊणकी पाठ करायला कोणी कंटाळू नये!

मग बाबांनी वाळूत एक काडी रोवली. शेतात पाणी सोडल्यावर ते कुठवर गेले हे जसे पाहतात, तसे पाणी किती मागे सरले ते पाहत बसले. ओसरीचे नावही काढले नाही.

मधल्या वेळात गावात रमतगमत फिरलो. तिथली चुंबकीय वेधशाळा बाहेरून पाहिली. ती आधी मुंबईला कुलाब्यात होती. तिथे विजेच्या ट्राम येणार होत्या आणि त्यामुळे चुंबकाची मापे चुकली असती, म्हणून १९०४ साली वेधशाळा अलिबागला आणली. म्हणजे चुंबकाच्या सुईलासुद्धा निवांत जागा लागते.

सकाळी एक बस आली होती. त्यातले लोक उतरले, फोटो काढले आणि वीस मिनिटांत गेले. ते घरी जाऊन सांगतील की किल्ला समुद्रात आहे. दुपारी दुसरी बस आली. तेव्हा पाणी सरले होते. ते लोक सांगतील की किल्ल्यात चालत जाता येते. दोघेही खरेच बोलतील, पण अर्धेच. आम्ही दिवसभर तिथेच होतो म्हणून आम्हाला दोन्ही दिसले.

तीन वाजता आम्ही चालत किल्ल्यात गेलो. पाणी घोट्याएवढेच होते. या किल्ल्याचे काम शिवाजी महाराजांनी १६८० साली सुरू केले. आत गोड्या पाण्याची विहीर आहे. बाहेर सगळे खारट आणि आत गोडे, हे मला फार नवल वाटले. पाणी परत चढायच्या आत आम्ही फिरलो.

काहीजण म्हणतील, गरिबाला एवढा वेळ कुठे आहे? पण पोळ्याला आपण बैलाच्या खांद्यावर जू ठेवत नाही. आदल्या दिवशी त्याचे खांदे शेकतो. आईबाबांचे खांदे कोण शेकते?

यंदा आपल्या शाळेची सहल शेगाव, सिंदखेडराजा आणि लोणार अशी एकाच दिवसात न्यायचे चालले आहे. माझे म्हणणे आहे की फक्त लोणारला जावे. उल्का पडून झालेले ते विवर जवळजवळ पावणेदोन किलोमीटर रुंद आहे. जून २०२० मध्ये त्याचे पाणी गुलाबी झाले होते. ते काठावरून वाकून पाहायचे आणि गाडीत बसायचे, हे मला मंजूर नाही. पालकांनी सभेत गुरुजींना तसे सांगावे. डबा मात्र दोन वेळचा द्यावा लागेल.

— इयत्ता ४ थीतील एक विद्यार्थिनी