पोप मोठा की देश?

जॉन केनेडी राष्ट्राध्यक्षपदाला उभे राहिले, तेव्हा अमेरिकेत हाच प्रश्न होता. कॅथलिक माणूस देशाचं ऐकणार की रोमचं? १२ सप्टेंबर १९६० रोजी ह्यूस्टनमध्ये प्रॉटेस्टंट पाळकांसमोर उभं राहून त्यांना याचं उत्तर द्यावं लागलं. या माणसाची बोट १९४३ मध्ये जपानी विनाशिकेने चिरली होती. पुढच्या वर्षी थोरला भाऊ युद्धातच गेला. आणखी कुठला दाखला हवा होता? १९२८ मध्ये अल स्मिथनाही हेच ऐकावं लागलं होतं. ते हरले, कारणं इतरही होती म्हणा.

मी कॅथलिक आहे, म्हणून हे जरा जास्तच लागतं, कबूल. 'तुम्ही घरी मराठी बोलता?' असं कुणी विचारलं की मी हसते, पण उत्तर देताना आवाज चढतोच.

उमेदवाराचं चारित्र्य जरूर तपासा. खोटं बोलला का, पैसे खाल्ले का, विचारा. पण देशप्रेमाचा पुरावा ठरावीक लोकांकडेच का मागायचा?

२००८ मध्ये मिनेसोटातल्या सभेत एक बाई मॅकेन यांना म्हणाल्या, ओबामांवर विश्वास नाही, ते अरब आहेत. मॅकेननी माईक काढून घेतला. नाही, ते सभ्य, कुटुंबवत्सल नागरिक आहेत, आमचे मतभेद धोरणांचे आहेत, म्हणाले. स्वतःच्याच समर्थकांसमोर असं बोलायला छाती लागते. मला मॅकेन आवडले.

पण ओबामा खरंच अरब असते तर? अरब माणूस सभ्य, कुटुंबवत्सल नसतो? मग त्या बाईंना काय उत्तर मिळालं असतं?